श्वास घ्यायची जागा

बसच्या नव्या सीटवर रक्ताचा थेंब दिसला, तेव्हा गादीशेठला कळलं की आपण दोऱ्याबरोबर ओठही चावला.

दोरा तो जन्मभर दातानेच तोडत आला होता. डेपोच्या वर्कशॉपमध्ये शिलाई मशीनला कात्री बांधलेली होती, पण हातापेक्षा त्याला दात जवळचे. रेक्झिनवर टाके घालायचे, गाठ मारायची, वाकायचं आणि कट. फाटक्या सीटा येत, धडक्या होऊन जात. शेठ वगैरे तो काही नव्हता. सगळ्या डेपोच्या गाद्या याच्या हातात, म्हणून सगळे गादीशेठ म्हणायचे, आणि त्यालाही आता खरं नाव सहीपुरतंच लागायचं.

त्याने फडक्याने रक्त पुसलं, मग ओठ पुसला. दुखलं काहीच नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्याच्या जबड्याच्या हाडात एक गाठ झाली होती, ती काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी आधीच नीट समजावलं होतं, की गाठ ओठाच्या नसेला चिकटलीय, नस दुखावली तर खालचा ओठ बधिर होईल, आणि तो परत जागा होईल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. याने मान डोलावली. नस दुखावली. कुणाची चूक नाही, त्यामुळे कुणावर रागावायची सोय नाही. रागवायला कुणी असलं म्हणजे माणूस निदान जरा हलतं. हा हललाच नाही. जेवायचा, कामावर जायचा, यायचा, भिंतीकडे बघत बसायचा. जेवताना हनुवटीवर काही सांडलं तर त्याला कळायचं नाही. मग समोर बसलेली बायको स्वतःच्या हनुवटीला बोट लावायची. म्हणजे पुसा. सुरुवातीला तो पुसायचा आणि हसायचा. पुढे पुढे नुसता पुसायला लागला.

आता ओठावाचून कुणाचं काय अडतं, असं तुम्ही म्हणाल. पण गादीशेठ डेपोच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि क्लॅरिनेटची पत्ती टेकते ती खालच्या ओठावर. पत्ती किती दाबायची, किती सैल सोडायची, ते सगळं त्या ओठाला कळावं लागतं. घरी आल्यावर त्याने एकदा वाजवून पाहिलं. फुसफुस झाली, एक किंकाळी निघाली, आणि दारात झोपलेलं शेजाऱ्यांचं कुत्रं उठून चालतं झालं.

"त्याला बाहेर जायचंच होतं," बायको म्हणाली.

त्याने क्लॅरिनेट पुसून पेटीत घातलं आणि पेटी कपाटावर ठेवून दिली.

डेपोचा बँड म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. स्टोअर सांभाळणारे मास्तर हातात काठी घेऊन पुढे उभे राहायचे. एक कंडक्टर ट्रम्पेट वाजवायचा, कॅन्टीनवाल्या ताई झांजा धरायच्या, आणखी दोघे-तिघे हाताला लागेल ते घ्यायचे. मोठा ढोल ब्रेकमास्तरचा. हा गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करायचा, बोलायला तिखट, आणि गादीशेठचा अगदी जुना सोबती. दोघे जेवायला एकाच बाकावर बसत आणि एकमेकांच्या डब्यातलं न विचारता उचलत.

बँडचं काम एकच. डेपोतलं कुणी रिटायर झालं, की फाटकाजवळ खुर्च्या मांडून बसायचं आणि ते माणूस वर्कशॉपपासून चालत फाटकाबाहेर पडेपर्यंत एक ठरलेली धून वाजवायची. पाऊल बाहेर पडल्याशिवाय धून थांबवायची नाही. धून सुरू करायची एकट्या क्लॅरिनेटने. लांब ओळ, मग श्वास, आणि त्या श्वासानंतर ढोलाचा पहिला ठोका पडला की सगळे आत शिरायचे. असे श्वास पुढेही जागोजाग होते.

आणि आता ब्रेकमास्तरच रिटायर होणार होता.

"माझा ढोल मीच वाजवणार," त्याने सरावाच्या दिवशी जाहीर केलं. "शेवटी टिपरू खाली ठेवीन आणि चालत जाईन."

"वाजव बाबा," मास्तर म्हणाले. "क्लॅरिनेटचं मात्र ट्रम्पेटला देऊ या. काय, गादीशेठ?"

"द्या," गादीशेठ म्हणाला. त्याला खरंच काही वाटलं नाही.

"मग मी येत नाही," ब्रेकमास्तर म्हणाला. "घरूनच परस्पर रिटायर होतो. ट्रम्पेटवर पाय कुठे टाकायचा ते मला कळत नाही."

"एवढी वर्षं वाजवतोय मी!" कंडक्टरला लागलं.

"तू छान वाजवतोस. लोक तिकिटं काढतील."

ते हसले, पण वाकडं व्हायचं ते झालंच. मास्तरांनी महिन्याभराची मुदत दिली. गादीशेठने काही सोय केली तर ठीक, नाहीतर क्लॅरिनेटशिवाय वाजवायचं. खुर्ची काढून टाकायची, म्हणजे मधे भोक दिसायला नको.

घरी त्याने हे सांगितलं ते बस उशिरा आली असं सांगावं तसं. बायको हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर होती. दिवसभर लोकांना वाटा दाखवून तिला एक खोड लागली होती, की कुणी समोर उभं राहिलं की त्याला कुठेतरी पाठवायचंच. दोन दिवसांनी तिने लेकाचा जुना लॅपटॉप टेबलावर आणून ठेवला.

"एक्स-रेवाल्याने प्रोग्राम घालून दिलाय. सूर लिहायचे, तो वाजवतो. सगळी वाद्यं आहेत. फुकट."

"फुकट कोण देतं?"

"लोक बनवतात म्हणे. ठिकठिकाणचे. आपापल्या नोकऱ्या करून, सुट्टीच्या वेळात."

"कशाला?"

"मी नाही विचारलं. तुम्हाला धून वाजवून हवीय की त्यांच्याशी सोयरीक जुळवायचीय?"

तो बसला. बसला कारण उठून जायचं तरी कुठे होतं. पण टाक्यापुढे टाका घालावा तसं एकेक घालत गेलं की सूर लिहिले जातात, हे त्याच्या लक्षात आलं. रोज संध्याकाळी थोडे थोडे. जिथे श्वास घ्यायचा तिथे कापडावर खडूने करावी तशी बारीक खूण करायची सोय होती. त्याने सगळ्या खुणा केल्या. मशीनने धून वाजवली. क्लॅरिनेट जरा नाकात बोलत होतं, पण सूर खरे होते.

सराव टायरच्या गोडाऊनमध्ये असायचा. गादीशेठने आपल्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवला, शेजारी स्पीकर ठेवला आणि स्वतः टायरच्या चळतीला टेकून उभा राहिला. मास्तरांनी काठी उचलली. क्लॅरिनेटने पहिली ओळ म्हटली, ओळ संपली, आणि पुढची लगेच सुरू झाली. ढोल मागून पडला. झांजा त्याच्याही मागून. सगळे धावतपळत गाठतात तोवर पुढचा श्वास आला आणि पुन्हा तेच. चालती बस पकडायला सगळ्या घराने सामानासकट धावावं तसा तो प्रकार झाला. शेवटी ताईंनी झांजा मांडीवर ठेवल्या.

"तुझं मशीन कुणाचं ऐकत नाही," ब्रेकमास्तर म्हणाला. "साहेबांच्या वळणावर गेलंय."

मास्तर हसले नाहीत. "पुढच्या सरावाला बघू," म्हणाले. "तेवढंच."

गादीशेठला पटलं की दोष प्रोग्रामचा. प्रोग्राममध्ये दोष सापडला तर तो लिहायची एक उघडी जागा होती. कुणीही लिहावं, कुणीही वाचावं, जमेल त्याने उत्तर द्यावं. बायकोला तिथे चालायची ती भाषाही येत होती आणि टाईप करणंही.

"लिही," तो म्हणाला, "तुमचं क्लॅरिनेट श्वास घेत नाही."

तिने बरंच जास्त लिहिलं.

"काय लिहिलंस एवढं?"

"तुम्ही कोण, बँड कसला, ओठाचं काय झालं, ब्रेकमास्तर कधी रिटायर होणार. आणि हे माणूस रागीट नाही, बोलणंच तसं आहे म्हणून."

पहिलं उत्तर आलं ते जमिनीची मोजणी करणाऱ्या एका माणसाचं. कोरडं. खूण नुसती वाचायला आहे, मशीनने थांबावं असं कुठे ठरलेलंच नाही, सबब दोष नाही. त्याच्याखाली एका बेकरीत काम करणाऱ्या बाईने लिहिलं होतं, की दोष नसेल, पण माणूस अडलाय ना? तिने काहीतरी खटपट करून मागच्या सुराची शेपटी कापली आणि तिथे श्वासाला जागा करून दिली. नवा प्रोग्राम त्यांच्याकडे पाठवला आणि म्हणाली, बघा जमतंय का.

एका जुन्या निरोपाच्या वेळी ताईंच्या फोनमध्ये बँडचं रेकॉर्डिंग केलेलं होतं, गादीशेठ स्वतः वाजवत होता तेव्हाचं. त्याने ते लावलं आणि सोबत मशीन लावलं. पहिल्या श्वासाला जुळल्यासारखं वाटलं. दुसऱ्याला सुटलं. तिसऱ्यानंतर नवरा-बायकोचं भांडण ऐकावं तसं ऐकू येऊ लागलं.

"अजून दोष आहे. लिही."

"अहो, ती बाई दुपारची झोप सोडून तुमच्यासाठी बसते. पहाटे उठून पाव भाजते."

"मग विचार तिला, कशाला करते."

"असं विचारतात का कुणाला!" बायको म्हणाली आणि तिने विचारलं. नाहीतरी तिलाही तेच विचारायचं होतं.

सोबत त्यांनी ते रेकॉर्डिंगही पाठवलं.

उत्तरं येत राहिली तशी बायको भाजी निवडता निवडता वाचून दाखवत राहिली. बेकरीवालीने लिहिलं होतं, की तिचे पाव संध्याकाळपर्यंत संपतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, आणि केलेलं काहीतरी उरावं असं तिला वाटतं. मोजणीवाल्याने आधी दटावलं, की हा प्रश्न विचारायची ही जागा नव्हे. मग लिहिलं, की त्याच्या आईने बांधलेल्या चाली एका विकतच्या प्रोग्राममध्ये होत्या, ती कंपनी बुडाली आणि चाली आत राहिल्या, कुणालाच उघडेनात. या प्रोग्रामची किल्ली कुणा एकाकडे नाही, सगळ्यांकडे आहे, म्हणून तो इथे. तिसरा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याने लिहिलं, की तोही असाच तक्रार घेऊन आला होता. कुणीतरी त्याचं काम करून दिलं, मग त्याने आणखी कुणाचं करून दिलं, आणि निघायचं राहूनच गेलं.

"हा मला आवडला," बायको म्हणाली.

"हं," गादीशेठ म्हणाला. चांगली माणसं होती, हे त्याला कळत होतं. रेक्झिनवरून हात फिरवला की खाली फोम आहे हे कळतं, तसं. फोमपर्यंत हात पोचत नव्हता.

मग मोजणीवाल्याचं लांबलचक उत्तर आलं. त्याने रेकॉर्डिंग मोजलं होतं. सवयच ती. बायकोने भाजी बाजूला ठेवली आणि हळूहळू वाचलं.

"तुमच्या प्रोग्राममध्ये दोष नाही. तुमच्या बँडमध्ये आहे, किंवा त्याला काय म्हणायचं ते मला ठरवता येत नाही. क्लॅरिनेटच्या प्रत्येक श्वासाला अख्खा बँड थांबतो. सगळे एकदम थांबतात आणि एकदम पुढे जातात. हे थांबणं दर वेळी वेगळं आहे. सुरुवातीला थोडं, शेवटी शेवटी बरंच. मशीन तालात आहे, म्हणून ते जुळत नाही. हे लोक कुणासाठी थांबतात?"

आपण तालाचे पक्के, असं गादीशेठ जन्मभर धरून चालला होता. दुसऱ्यांचा ताल चुकला की भुवई वर करायचा. त्या कंडक्टरला तर कितीदा. धुनीच्या शेवटी आपली छाती अपुरी पडते हे त्याला माहीत होतं, पण ते आपल्या आपण निभावून नेतो असंच त्याला वाटायचं.

"उत्तर काय लिहू?" बायकोने विचारलं.

"लिही, माझ्यासाठी."

"एवढंच?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी तो ब्रेकमास्तरकडे गेला. ब्रेकमास्तर एका बसच्या खाली होता, बाहेर फक्त बूट.

"तू माझ्यासाठी थांबायचास?"

"कोण?" बूट म्हणाले.

"तू. ढोल वाजवताना. श्वासाला."

"मी कुणासाठी थांबत नाही. थांबवणं माझा धंदा आहे, थांबणं नाही. तो पाना दे."

याने पाना दिला. "मोजलंय म्हणे."

"कुणी?"

"एका मोजणीवाल्याने. लांब राहतो."

"त्याला म्हणावं, तिकडचे बांध मोज."

गादीशेठ उभाच राहिला. खाली थोडा वेळ ठोकाठोक झाली. मग ती थांबली.

"तुझा खांदा वर जातो," आतून आवाज आला. "डावा. श्वास घेतलास की वर जातो. खाली आला की मी ठोका मारतो. त्याला थांबणं म्हणतात होय?"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे माझ्या हाताकडे बघतात. मास्तरांच्या काठीकडे कुणी बघत नाही, हे तेवढं त्यांना सांगू नकोस."

"एवढ्या वर्षांत कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं? तुला खांदा आहे म्हणून? आता सरक, उजेड अडवतोयस."

गादीशेठ सरकला. मशीनवर येऊन बसला, एक सीट शिवली, आणि दोरा कात्रीने तोडला.

संध्याकाळी बायकोने खांद्याचं सगळं लिहून कळवलं, बुटांसकट. त्यावर तिकडे त्या तिघांची चांगलीच जुंपली. बेकरीवालीचं म्हणणं, प्रत्येक खुणेपाशी थोडं थांबणं घालून द्यावं. मोजणीवाला म्हणाला, किती घालणार? रोजचं वेगळं, श्वास काय मापाने घेतात? त्यापेक्षा मशीनने खुणेपाशी नुसतं थांबून राहावं आणि माणूस म्हणेल तेव्हा पुढे जावं. माणूस कसा म्हणेल? हाताने बटण दाबून? तेव्हा रेडिओवाला मधे पडला. हा माणूस शिलाई मशीनवर काम करतो ना? मग याचा पाय रिकामा कशाला ठेवता?

असं ते ठरलं. मशीनने थांबून राहायचा तो भाग शेवटी मोजणीवाल्याने स्वतः लिहिला. खाली शेरा मारला, "दोष नाहीच. तरी केलं."

"माणूस बरा आहे," बायको म्हणाली. "माझ्या मोठ्या दिरांसारखा."

भंगारात पडलेलं एका शिलाई मशीनचं पायडल मिळालं. रेडिओवाल्याने कळवलं तशी डेपोच्या वायरमनने त्याला तार जोडून दिली. पुढच्या सरावाला गादीशेठ कपाटावरची पेटी घेऊन आला. लॅपटॉप खाली ठेवला, स्पीकर पाठीमागे ठेवला, स्वतः आपल्या खुर्चीवर बसला आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं. फुंकायचं नव्हतंच. पण क्लॅरिनेटशिवाय खांदा वर कसा जाणार?

पहिली ओळ मशीनने म्हटली आणि ते थांबलं. गादीशेठने श्वास घेतला. खांदा वर गेला, खाली आला, पाय पायडलवर पडला. ढोल तिथेच होता.

मास्तरांनी धून संपेपर्यंत काठी हलवली. मग म्हणाले, "खुर्ची राहू दे."

निरोपाच्या दिवशी सगळा डेपो फाटकापाशी जमला. बायकोही सुट्टी काढून आली होती. ब्रेकमास्तर धुतलेला शर्ट घालून ढोलामागे बसला. धून सुरू झाली. श्वास आले, गेले. गादीशेठ डोक्याने काहीच मोजत नव्हता. शिवताना पाय जसा आपला आपण चालतो तसा चालत होता. त्याला वाईट वाटत नव्हतं, चांगलंही वाटत नव्हतं. ओठावर पत्ती होती, तीही कळत नव्हती.

ठरल्या जागी ब्रेकमास्तरने टिपरू खाली ठेवलं आणि उठला. कुणाशी काही न बोलता फाटकाकडे चालू लागला. ढोलावाचून धून एकदम उघडी पडली, पण चालू राहिली. आता बाकीच्यांना बघायला ढोलावरचा हात नव्हता. गादीशेठने नजर वर केली तर कंडक्टर, ताई, झाडून सगळे त्याच्या खांद्याकडे बघत होते. मास्तरसुद्धा.

शेवटचा श्वास आला तेव्हा ब्रेकमास्तर फाटकाखालच्या लोखंडी पट्टीपाशी पोचला होता. मशीन थांबलं. ब्रेकमास्तरही थांबला, पाठमोरा, पाय अर्धा उचललेला. त्याला खांदा दिसत नव्हता. तरी तो थांबला.

गादीशेठने श्वास घेतला. खांदा वर गेला आणि वरच राहिला. पाय पायडलवर होता, दाबायचा तेवढा होता. दाबला की तो जाणार. एका बसचं इंजिन चालू होतं, ते ड्रायव्हरने बंद केलं.

"अरे पाय दुखला माझा," ब्रेकमास्तर मागे न बघता म्हणाला.

गादीशेठने पायडल दाबलं. सूर आला, सगळे त्यात शिरले, आणि ब्रेकमास्तरचं पाऊल बाहेर पडलं.

टाळ्या वाजत असताना गर्दीतून बायकोने स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. त्याने पुसलं. ओलं होतं. आज चहा तर कुणी अजून दिला नव्हता. लाळ असेल, क्लॅरिनेट तोंडात धरून बसल्यावर यायचीच. त्याने बाहीने पुन्हा पुसलं.

घरी आल्यावर बायकोने लॅपटॉप उघडला. बेकरीवालीने विचारलं होतं, जमलं का.

"लिही, जमलं."

"एवढंच?"

आज तो उठून भिंतीपाशी गेला नाही. तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभा राहिला. खाली कुणा अनोळखी माणसाची नवी तक्रार आली होती. गाणं शिकवणारं कुणीतरी होतं. त्यानेही पायडल लावलं होतं, आणि ते एकदा दाबलं की दोनदा धरलं जायचं. प्रोग्राममध्ये दोष आहे, असं त्याचं म्हणणं.

"टाच उचलत असेल," गादीशेठ म्हणाला. "नवीन माणूस टाच उचलतो, मग पाय थरथरतो. त्याला म्हणावं, टाच जमिनीला टेकव, नुसता चवडा दाब. तरी नाही जमलं तर खाली रबराचा तुकडा घाल. माप मी देतो."

बायकोने मागे वळून त्याच्याकडे बघितलं.

"कोण कुठला माणूस. यात तुम्हाला काय मिळणार आहे?"

"लिही गं," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.